वस्ती ‘उठली’ की ‘उठवली’? : एका क्रियापदाचा आणि मराठी समीक्षेचा विचार

१

पारिभाषिक संज्ञेचा प्रश्न हा पुष्कळदा केवळ शब्दाचा प्रश्न नसतो. ज्या वस्तूला नाव द्यावयाचे तिच्याकडे आपण कोठे उभे राहून पाहतो, याचाही तो प्रश्न असतो. गिरणगावाविषयीच्या मराठी कथा-नाटकांवर प्रबंधिका लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘जेंट्रिफिकेशन’ या संज्ञेस मराठीत काय म्हणावे, अशी पृच्छा आमच्याकडे केली. प्रश्न साधा वाटला. परंतु उत्तर शोधू लागताच तो समीक्षेच्या एका जुन्या सवयीपर्यंत जाऊन पोचला. त्या सवयीची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली लंडन शहराविषयी लिहिताना हा शब्द रूढ केला. कामगारांच्या जुन्या वस्त्यांत मध्यम व वरिष्ठ वर्गांतील कुटुंबे घरे घेऊ लागली, पडक्या घरांची डागडुजी झाली, किमती व भाडी चढली, आणि मूळचे रहिवासी एकेक करून बाहेर पडले. या सर्व घटनाक्रमाला तिने एक नाव दिले. ‘जेंट्री’ म्हणजे इंग्लंडच्या ग्रामीण भागातील कुलीन भूधारकांचा वर्ग. शहरातल्या नव्या मालकांना हे जुने नाव लावण्यात एक बोचरा उपरोध होता, आणि त्या उपरोधातच शब्दाचे सामर्थ्य होते.

मराठीत या शब्दाला ‘अभिजनीकरण’, ‘उच्चभ्रूकरण’, ‘संभ्रांतीकरण’ असे पर्याय सुचविता येतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने यांपैकी कोणताही चुकीचा नाही. तथापि त्यांत दोन उणिवा दिसतात. पहिली अशी की, ‘अभिजन’ वा ‘संभ्रांत’ या शब्दांभोवती मराठीत आदराचे वलय आहे. ग्लासबाईंच्या शब्दातील उपरोध येथे गळून पडतो, आणि वस्तीचे ‘अभिजनीकरण’ झाले म्हणजे काही तरी भले झाले, असा भास होतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हे तिन्ही शब्द येणाऱ्याचे वर्णन करतात. जाणाऱ्याविषयी ते मुके आहेत. शिवाय ‘-करण’ हा उत्तरघटक कर्त्याला झाकून टाकतो. शहरीकरण, आधुनिकीकरण, सुशोभीकरण हे शब्द क्रिया सांगतात. परंतु क्रिया करणारा कोण, हे विचारण्याची वाक्यात जागाच ठेवीत नाहीत.

२

ग्रंथातील संज्ञा बाजूला ठेवून बोलीकडे वळले म्हणजे निराळेच चित्र दिसते. ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरतो ते लोक ‘वस्ती उठली’, ‘आम्हांला उठवलं’ असे म्हणतात. मराठीत बाजार उठतो, पंगत उठते, बिऱ्हाड उठते, तशीच वस्तीही उठते. ‘उठणे’ हे अकर्मक क्रियापद. त्याचे प्रयोजक रूप ‘उठवणे’. या दोन रूपांमधील अंतर व्याकरणाच्या प्राथमिक पुस्तकात एका ओळीत संपते. पण प्रस्तुत विषयात ते फार दूरवर पोचते. ‘वस्ती उठली’ हे वाक्य स्वतःपुरते पूर्ण आहे. कोणी उठवली, असा प्रश्न ते ऐकणाऱ्याच्या मनात निर्माण करीत नाही. उलट ‘वस्ती उठवली’ या वाक्यात कर्ता उच्चारला नसला, तरी त्याची रिकामी जागा जाणवत राहते. ऐकणारा ‘कोणी?’ असे विचारतोच.

‘उठवणे’ या रूपाला मराठी समाजात आणखी एक स्मरण चिकटलेले आहे. ‘पंगतीतून उठवणे’ हा नुसता वाक्प्रचार नव्हे. जातीच्या कारणावरून जेवत्या पानावरून माणसाला उठविल्याचा अनुभव त्यामागे आहे. म्हणूनच एखादा दलित रहिवासी ‘आम्हांला उठवलं’ असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दात घरभाडे, जमिनीची किंमत आणि जात ही तिन्ही एकत्र आलेली असतात. इंग्रजी संज्ञेत नसलेला हा अर्थ मराठी क्रियापदात आयता आहे. आणि याच धातूला एक तिसरी बाजूही आहे. ‘उठणे’ म्हणजे जागे होणे, उभे राहणे. ‘उठाव’ हे नाम त्यातूनच आले. नाहीसे होणे, हुसकले जाणे आणि प्रतिकारास उभे राहणे, असे तीन अर्थ एका धातूने सांभाळले आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मराठीतील वस्त्यांविषयीचे समर्थ साहित्य ‘उठवली’ या प्रयोजक रूपात विचार करते, त्या साहित्यावरील आपली समीक्षा मात्र बहुधा ‘उठली’ या अकर्मक रूपात लिहिली जाते. ‘चाळसंस्कृती लोप पावली’, ‘कालौघात गिरणगाव नाहीसे झाले’, ‘जुने शहर हरवले’ ही वाक्ये आपल्या परीक्षणांतून व प्रबंधांतून वारंवार भेटतात. त्यांत खेद खरा असतो. पण काळाखेरीज दुसरा कर्ता नसतो.

३

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही, हे दाखविण्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांचे उदाहरण थोडक्यात घेणे इष्ट ठरेल. तुलना ओढूनताणून आणलेली नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ज्या संघटनेवरून घेतले, ती ब्लॅक पँथर १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात जन्मास आली. त्या ओकलंडमध्ये १९८० च्या सुमारास कृष्णवर्णीयांची संख्या जवळजवळ निम्मी होती. २०२० च्या जनगणनेत ती एकचतुर्थांशाहूनही खाली आली. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन अनेक दशके कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर म्हणून ओळखली जाई. २०११ च्या सुमारास ते प्रमाण निम्म्याखाली गेले. ज्या शहरात चळवळ उभी राहिली, त्याच शहरात चळवळीच्या वारसांना घरभाडे परवडेनासे झाले.

येथे कारणपरंपरा ध्यानात घेतली पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात तेथील संघीय गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार करविले. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखवून कर्जाच्या दृष्टीने धोक्याच्या ठरविल्या. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही. घरांच्या बाबतीतील भेदभावास कायद्याने बंदी झाली ती १९६८ साली. म्हणजे या वस्त्या ‘स्वस्त’ होत्या असे म्हणण्यापेक्षा त्या स्वस्त ठेवल्या गेल्या असे म्हणणे अधिक यथार्थ होय. आणि पुढे याच स्वस्तपणाने नव्या भांडवलाला आमंत्रण दिले. लॉरेन हॅन्सबेरी हिच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकात शिकागोतील एक कृष्णवर्णीय कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, तेव्हा तेथील रहिवाशांचा प्रतिनिधी ‘येऊ नका’ म्हणून पैसे देऊ करतो. आधी आत येऊ न देणे आणि नंतर आहे तेथून उठविणे, या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

टोनी मॉरिसन हिची ‘सुला’ (१९७३) ही कादंबरी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. कादंबरी उघडते तीच एका नाहीशा होत असलेल्या वस्तीच्या वर्णनाने. वस्तीचे नाव ‘बॉटम’, म्हणजे तळ. पण ती आहे टेकडीवर. गोऱ्या मालकाने मुक्त केलेल्या गुलामाला सुपीक तळजमीन देण्याचे कबूल केले आणि प्रत्यक्षात खडकाळ उतार दिला. वरून पाहणाऱ्या देवाच्या दृष्टीने हाच स्वर्गाचा तळ, असे त्याला पटविले. फसवणुकीची ही थट्टा नावातच गोठून राहिली. पुढे टेकडीवरच्या हवेला आणि देखाव्याला किंमत आली, श्रीमंत वर चढले, कृष्णवर्णीय खाली दरीत उतरले, आणि जुन्या घरांच्या जागी गोल्फचे मैदान येऊ लागले. जागेचे नाव बदलून ते ‘उपनगर’ झाले. मॉरिसनची दृष्टी अशी की, घरे पाडणे हा व्यवहाराचा अर्धाच भाग. नाव पुसले गेले म्हणजे मूळ फसवणुकीचा पुरावाही पुसला जातो. ज्यांच्यापाशी जमिनीचा दस्तऐवज नाही, त्यांच्यापाशी नाव हाच दस्तऐवज असतो. न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या रहिवाशांनी हे ओळखले होते. २०१७ साली घरविक्रीच्या व्यवसायातील मंडळींनी दक्षिण हार्लेमला ‘सोहा’ असे सुटसुटीत नाव देऊ पाहिले, तेव्हा त्यांनी त्यास उघड विरोध केला.

४

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूरच्या वाचकाला गिरणगाव परका नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा आणि कोल्हापूर या भागांतून गेलेल्या माणसांनीच ते वसविले. एकेका गावाच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या ‘गावकीच्या खोल्या’, पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, बायकांनी चालविलेल्या खानावळी, यांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आजही आहेत. कोल्हापुरातही १९०६ साली स्थापन झालेली शाहू मिल होती. ती २००३ साली बंद पडली. भोंग्यावर घड्याळ लावणारे शहर म्हणजे काय, हे येथील वृद्धांना समजावून सांगावे लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि यंत्रांपेक्षा गिरण्यांखालची जमीन मौल्यवान ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे कल्पिले होते : एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात भव्य बाजारसंकुल उभे राहिले. ‘कालौघात गिरणगाव नाहीसे झाले’ या वाक्यातील काळ असा नियमावलीचा, दुरुस्तीचा आणि निवाड्याचा आहे. त्याला तारखा आहेत आणि त्यावर सह्या आहेत.

याच परिसरात बी. डी. डी. चाळी आहेत. १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ इमारती बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला व वर तीन मजले, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ व शौचकूप सामायिक. या चाळींतून गिरणी कामगार आले, पोलीस शिपाई आले, आणि मोठ्या संख्येने दलित कुटुंबे आली. तथापि सगळे एकत्र नांदले असे चित्र कोणी रंगवील तर ते खोटे ठरेल. दलितांची वस्ती काही ठराविक इमारतींत दाटलेली होती. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली. ‘चाळसंस्कृती’ हा एकवचनी शब्द वापरला की ही सीमारेषा दिसेनाशी होते.

गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, तसतशी नावेही सरकू लागली. घरविक्रीच्या जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले आणि वडाळ्याच्या एका भागाचे ‘न्यू कफ परेड’. परळ या नावात गिरणीचा भोंगा, मोर्चा आणि लाल बावटा ऐकू येतो. वरळी या नावात समुद्र दिसतो. ग्राहकाला समुद्र विकावयाचा असल्याने भूगोलच थोडा हलविला. सरकारी परिभाषेचेही काही शब्द येथे लक्षात घ्यावेत. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ही मुळात गुणवाचक विशेषणे. दानाला पात्र, विद्येला अपात्र, असा त्यांचा संसार. पुनर्वसनाच्या याद्यांत ती एका विशिष्ट तारखेपूर्वीचा कागद असण्या-नसण्यावर येऊन बसली. परंतु शब्दाचा जुना नैतिक वास पूर्णपणे जात नाही. ‘अपात्र’ ठरलेल्या माणसाला कागद हरवल्याची नव्हे, योग्यता हरवल्याची लाज वाटते. ‘संक्रमण शिबिर’ या शब्दातील संक्रमण कित्येक कुटुंबांच्या बाबतीत दोन पिढ्या टिकले आहे.

५

एवढी पार्श्वभूमी घेऊन साहित्याकडे वळू. चाळीविषयीच्या मराठी समीक्षेचा सूर ज्या ग्रंथाने नकळत ठरविला, तो ग्रंथ म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. त्याच्या अखेरच्या ‘चिंतना’त विनोदाचा सूर ओसरतो आणि एका जीवनपद्धतीचा निरोप घेतल्याचा विषाद उरतो. तेथे तो विषाद सर्वस्वी उचितही आहे. कारण पुलंच्या चाळीतला पांढरपेशा भाडेकरू शिक्षण व नोकरी यांच्या बळावर खोलीतून ब्लॉकमध्ये जाण्याचे स्वप्न पाहू शकत होता. त्याच्या बाबतीत चाळ खरोखरच ‘उठत’ होती. तो स्वतःच उठून चालला होता. अकर्मक क्रियापद येथे खरे आहे.

चूक पुलंची नाही. चूक पुढील समीक्षेची आहे. पांढरपेशा चाळीच्या स्मरणरंजनातून तयार झालेले हे व्याकरण तिने जसेच्या तसे उचलले आणि परळ, नायगाव, नागपाडा व कामाठीपुरा यांना लावले. त्यामुळे जे साहित्य जागेवरचा हक्क सांगत होते, ते आपण जागेची आठवण म्हणून वाचले.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेपासून प्रारंभ करावा. नोकरीच्या परक्या गावी जात लपवून राहणारा नायक आपण जातीय अत्याचाराचा बळी म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ही निवाऱ्याचीही कथा आहे. राहण्यास जागा मिळण्यासाठी मनुष्याला स्वतःचे नाव सोडावे लागते. नाव उघड झाले की जागा जाते. जागा आणि नाव यांचा हा व्यस्त संबंध हॅन्सबेरीच्या नाटकातील पेचाहून दूर नाही. आत येऊ न देण्याची ही बाजू समजल्याखेरीज, आत येऊ न दिलेल्यांनी जी वस्ती उभारली तिचे मोल समजणार नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात मुंबईतील नागपाड्याजवळचा कावाखाना येतो. अनेक अभ्यासकांनी त्याचे वर्णन ‘दारिद्र्याचे विदारक चित्र’ अशा ठराविक शब्दांत केले आहे. चित्र विदारक आहे, यात संशय नाही. पण पवारांची रीत पाहावी. ते वस्तीतील माणसे, नाती, धंदे आणि जागा यांची नोंद करीत जातात. ‘कावाखाना’ या नावातच अरबी ‘कहवा’चा अवशेष दिसतो, अनेक जमातींच्या संगमावर उभ्या असलेल्या शहराचा तो एक शिलालेखच आहे. आज हे नाव मराठी वाचकाला प्रामुख्याने ‘बलुतं’मुळे ठाऊक आहे. आत्मकथनाने येथे भूमिअभिलेखाचे काम केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाची गोष्ट याहून ठळक आहे. संग्रहाचे शीर्षकच स्थलनाम आहे. विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह हा संग्रह आला, तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातील कित्येक शब्द अपरिचित होते. हा अपरिचय आपण शैलीचा विशेष मानला. ‘बंडखोर भाषा’ असे तिला नाव दिले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही भाषा प्रथम एका विशिष्ट जागेची बोली आहे, बंड हा तिचा उपयोग आहे. चार-पाच गल्ल्यांत, विशिष्ट धंद्यांत आणि अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या सहवासात घडलेली ही शब्दसंपत्ती त्या गल्ल्यांबाहेर जिवंत राहू शकत नाही. त्या परिसराच्या पुनर्विकासाच्या योजना आज पुढे सरकत आहेत. गल्ली गेली की कवितेचा शब्दकोश जाईल. ज्या साहित्याला आपण पाठ्यपुस्तकात स्थान दिले, त्याच्या भाषेला राहावयास जागा उरणार नाही.

जयंत पवार (१९६०–२०२१) यांच्या लेखनात हा विषय पूर्णपणे उघड होतो. ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक संपानंतरच्या धुरी कुटुंबाचे. गिरणगावातील चाळीची एक खोली, इतकाच त्याचा रंगमंच. या नाटकावर ‘एका कुटुंबाची शोकांतिका’ म्हणून पुष्कळ लिहिले गेले. परंतु शीर्षकाकडे लक्ष द्यावे. ‘अधांतर’ हे मनःस्थितीचे जितके वर्णन आहे, तितकेच स्थळाचेही. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्या कोणाच्या हिशेबात गेली आहे, तो अधांतरी असतो. नाटकातील घर पडत नाही, कोणी ते पाडावयास येत नाही. तरीही प्रेक्षकाला ते घर उठणार हे कळून चुकते, कारण घराला उभे ठेवणारी मजुरी, पत आणि नाती ही त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून काढून घेतली जातात. आणि पुढे ज्या कथासंग्रहाला २०१२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. या शीर्षकात ‘फिनिक्स’ म्हणजे पुराणातला पक्षी, गिरणी आणि बाजारसंकुल ही तिन्ही आहेत. राखेतून फिनिक्सच उठावयाचा. येथे मोर उठला. राख एकाची, पिसारा दुसऱ्याचा. ‘उठणे’ हे क्रियापद पवारांनी किती सावधपणे वापरले आहे, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. कोणी उठले, म्हणून कोणी तरी उठविले गेले आहे.

६

या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला नवे घर हवे असते. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. सामायिक शौचकुपासमोर रांगेत उभे राहणे ज्यांनी कधी सोसले नाही, त्यांनी त्या रांगेचे काव्य करू नये. येथे ‘वस्ती उठवली’ म्हणणेही पुरेसे नाही; निदान भाडेकरूंच्या बाबतीत ती पुन्हा वसविली गेली, हे मान्य केले पाहिजे. ओकलंडच्या भाडेकरूला हे भाग्य लाभले नाही.

आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट तो अधिक नेमका होतो. प्रयोजक क्रियापदाचा आग्रह म्हणजे दोषारोपाचा आग्रह नव्हे. कर्ता सांगितला की श्रेयही सांगता येते आणि जबाबदारीही. किल्ली कोणाला मिळाली, हे जसे लिहावे, तसे यादीबाहेर कोण राहिले, पोटभाडेकरूचे काय झाले, खानावळ आणि पिठाची गिरणी नव्या आराखड्यात कोठे गेली, शेजारच्या विक्रीच्या मनोऱ्यांमुळे चढलेल्या भावात त्याच कुटुंबातील दुसऱ्या मुलाला परिसरात घर घेता येईल काय, हेही लिहावे. स्मरणरंजन या प्रश्नांपैकी एकही विचारत नाही, आणि नुसता विकासाचा जयघोषही विचारत नाही. दोघांचे क्रियापद एकच आहे, ते म्हणजे अकर्मक.

नावांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. जुने नाव तेवढे पवित्र, असे आमचे म्हणणे नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या महारवाड्यांनी स्वतः सिद्धार्थनगर, भीमनगर, पंचशीलनगर अशी नावे धारण केली. कोल्हापुरातही सिद्धार्थनगर आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. येथे नाव पुसणे म्हणजे अपमान पुसणे होय. ‘महारवाडा’चे ‘भीमनगर’ होणे आणि परळचे ‘अप्पर वरळी’ होणे या व्याकरणदृष्ट्या सारख्याच घटना आहेत; भेद कर्त्याचा आहे. एका ठिकाणी राहणाऱ्यांनी स्वतःला नाव दिले, दुसऱ्या ठिकाणी विकणाऱ्यांनी राहणाऱ्यांचे नाव काढले. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्या वस्तीचाही पुनर्विकास आता हाती घेण्यात आला आहे. तेथील उंच इमारतींवर कोणते नाव राहील, हा प्रश्न केवळ पाटी रंगविणाऱ्याचा नाही. त्या नावाशी एक तारीख बांधलेली आहे.

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर आम्ही असे सुचवू : अर्थशास्त्रीय विवेचनात ‘अभिजनीकरण’ खुशाल वापरावे; परंतु साहित्याच्या समीक्षेत ‘वस्ती उठवणे’ हा बोलीतील प्रयोगच संज्ञा म्हणून स्वीकारावा. तो जाणाऱ्याच्या बाजूने बोलतो, जातीचे स्मरण ठेवतो आणि ‘कोणी?’ हा प्रश्न उघडा राखतो.

यापलीकडे भाषाविभागाचे एक प्रत्यक्ष कर्तव्यही आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा येथील आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांचे आजोबा गिरणगावात राहिलेले आहेत. त्यांनी ज्या खोल्यांना, गल्ल्यांना, नाक्यांना आणि खानावळींना जी नावे दिली, त्यांतील बहुतेक कोणत्याही नकाशावर नाहीत. ती फक्त माणसांच्या तोंडी आहेत आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. ही नावे, त्यांचे उच्चार, त्यांमागील हकिगती आणि नाव कोणी दिले याची माहिती पद्धतशीर गोळा करणे हे पदव्युत्तर अभ्यासाचे काम होऊ शकते. चाळ वाचविणे विद्यापीठाच्या हाती नाही, आणि सर्वच चाळी वाचवाव्यात असेही नाही. परंतु उद्या कोणी ‘येथे पूर्वी काही नव्हते’ असे म्हणू लागला, तर त्याला दाखविण्यासाठी नावांची एक यादी आणि कर्त्यासह लिहिलेले एक वाक्य आपल्यापाशी असले पाहिजे.